रथ झाला की जॉर्जिया

पासपोर्ट आले एकदाचे. आईचा आणि आण्णांचा, दोन्ही एकाच दिवशी पोस्टमनने आणून दिले, आण्णांनी ते आधी देव्हाऱ्यात ठेवले आणि मग मला पुण्याला फोन केला. म्हणजे आता ट्रिप नक्की. म्हणून आज लिहायला बसले, कारण गेले चार महिने जो भेटेल तो एकच विचारतोय, की वायनरी बघायला फ्रान्स इटली सोडून कॉकेशसच्या डोंगरांकडचा जॉर्जिया देश का, आणि तेही माळकरी वडिलांना घेऊन का.

तर आधी आमच्याबद्दल. आम्ही तासगाव तालुक्यातले. आण्णांची द्राक्षबाग आहे, थॉमसन आणि तास-ए-गणेश, थोडा माल मार्केटला जातो आणि बाकीचा बेदाण्याला. मी लहानपणापासून डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, थिनिंग म्हणजे मणी विरळ करणं, फवारणी, रॅकवर सुकणारे मणी हेच बघत वाढले. आण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, वारी चुकत नाही, घरात दारूचा थेंब नाही. मी पुण्यात कधीमधी वाईन घेते हे त्यांना माहीत आहे, त्यावर आमचं बोलणं होत नाही. चाळीस वर्षं द्राक्षं पिकवलेल्या माणसाने आपल्या शिवाराबाहेरची बाग म्हणून फक्त नाशिक आणि सोलापूरकडची पाहिली आहे, ही गोष्ट मला बरीच वर्षं टोचत होती.

जॉर्जिया डोक्यात आला तो एका व्हिडिओमुळे. दिवाळीत घरी होते, पडवीत बसून मोबाईलवर क्वेव्रीचा व्हिडिओ बघत होते. क्वेव्री म्हणजे मातीचा भलामोठा रांजण, अंड्यासारखा, खाली निमुळता, आणि तो गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला असतो, वर फक्त तोंड दिसतं. त्यात द्राक्षं तुडवून सालीबियांसकट ओततात आणि झाकण लावून मातीने लिंपून टाकतात. व्हिडिओत एक माणूस त्या तोंडातून आत उतरून साफसफाई करत होता. आण्णा मागे उभे राहून बघत होते हे मला कळलंच नाही. एकदम म्हणाले, "अगं हे तर आपलं हरिपूरचं पेव हाय की."

आणि खरंच की. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा आणि वारणेच्या संगमापाशी, जमिनीत हळद साठवायची पेवं होती, तोंड लहान आणि पोट मोठं, वरून मातीने बंद केली की आतली हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. आमच्या आजोबांची हळद तिथे असायची आणि आण्णा लहानपणी त्यांच्याबरोबर पेव उघडायला जायचे. पेव उघडलं की लगेच कुणी आत जायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, मग कंदील दोरीने खाली सोडायचा, तो विझला तर थांबायचं. हे सगळं त्यांनी त्या रात्री सांगितलं, मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. आणि शेवटी विचारलं, "हे लोक उतरायच्या आधी दिवा सोडत्यात का?" मला माहीत नव्हतं. त्या प्रश्नापासून ही ट्रिप सुरू झाली.

मग मी वाचायला लागले. आणि जितकं वाचलं तितकं वाटलं की द्राक्ष बागायतदाराने आयुष्यात एकदा जर कुठला देश बघायचा असेल तर हाच. राजधानी तिबिलिसीच्या दक्षिणेला गडाच्रिली गोरा आणि शुलाव्हेरी गोरा अशा दोन जुन्या वस्त्यांच्या टेकाडांत मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले, त्यात मुरलेल्या द्राक्षाच्या आम्लाचे अंश निघाले, काळ साधारण इसवी सनापूर्वी ६०००. म्हणजे आठ हजार वर्षं. २०१७ मध्ये हे संशोधन आलं आणि द्राक्षाच्या वाईनचा आजवर मिळालेला सगळ्यात जुना पुरावा म्हणून जगभर गाजलं. त्याआधी २०१३ मध्येच क्वेव्रीत वाईन करायची पद्धत युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली होती. द्राक्षाच्या स्थानिक जाती पाचशेच्या वर. आपल्याकडे आपण थॉमसन आणि त्याचीच पोरंबाळं वर्षानुवर्षं फिरवतोय, आणि एवढ्याशा देशात पाचशे! आण्णांना हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी परत विचारलं, "पाचशे झाडं का पाचशे जाती?"

क्वेव्रीचं काम कसं चालतं ते मला फार आवडलं म्हणून जरा सविस्तर सांगते. घर कच्चं असो की पक्कं, गावाकडच्या घरात एक खोली असते तिला मरानी म्हणतात, तिथे जमिनीत क्वेव्री पुरलेल्या असतात. आतून मधमाशीच्या मेणाचा हात दिलेला असतो. काखेती भागात, म्हणजे पूर्वेकडे, पांढरी द्राक्षंसुद्धा साल, बिया, कधी देठासकट आत टाकतात. द्राक्ष आंबायला लागलं की साली वर उसळून येतात, त्या दिवसातून काही वेळा काठीने खाली दाबाव्या लागतात. आंबणं थांबलं की सगळं हळूहळू तळाला बसतं, आणि इथे त्या निमुळत्या तळाची खरी गंमत कळते, बिया जड म्हणून आधी टोकात जाऊन बसतात, त्यांच्यावर सालींचा थर बसतो, म्हणजे बियांचा कडूपणा वाईनमध्ये फारसा उतरत नाही आणि वरची वाईन आपली आपण निवळते. मग झाकण लावून, लिंपून, पाचसहा महिने तशीच ठेवायची. जमिनीतला गारवा उन्हाळ्या-हिवाळ्यात फारसा बदलत नाही, त्यामुळे ना वीज ना कूलिंग. वसंतात उघडतात तेव्हा पांढऱ्या द्राक्षाची वाईन मधासारखी, केशरीकडे झुकणारी झालेली असते. बाहेर तिला अंबर वाईन म्हणतात. चवीला पांढऱ्या वाईनपेक्षा तुरट, कोऱ्या चहासारखा जिभेला धरणारा तुरटपणा. पहिल्यांदा घेतली तेव्हा मला समजलीच नव्हती, दुसऱ्या ग्लासाला आवडली.

आता प्लॅनिंग. इथे मी आधी एक चूक केली, ती सांगते म्हणजे तुमची टळेल. मी सरळ एका टूर कंपनीला फोन लावला, पॅकेज मागवलं आणि आई-आण्णांचं म्हणून थोडा अॅडव्हान्सही भरून टाकला. जे आलं ते बघून मन खट्टू झालं. एका दिवसात काखेतीतल्या सहा वायनऱ्या, प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटं, त्यात टेस्टिंग, शॉपिंग, फोटो, आणि रात्री परत तिबिलिसीला हॉटेलात. बागेत पाय ठेवायचा कार्यक्रम कुठेच नाही. मी म्हटलं मला द्राक्षतोडणी बघायची आहे, वडील बागायतदार आहेत, तर पलीकडून उत्तर आलं की मॅडम ग्रुपमध्ये तसं अॅडजस्ट होत नाही. अॅडव्हान्सचे अर्धे पैसे गेले. गेले ते गेले, पण मग ठरवलं की सगळं स्वतः करायचं आणि एकच नियम ठेवायचा, दिवसाला जास्तीत जास्त दोन जागा. सकाळी एक, दुपारच्या जेवणानंतर एक. पिणारा असेल त्यालासुद्धा तिसऱ्या ठिकाणी चव कळत नाही, आणि न पिणाऱ्याचे तर पाय दुखतात नुसते.

कधी जायचं हा सगळ्यात अवघड प्रश्न निघाला. तिकडे तोडणीच्या हंगामाला र्त्वेली म्हणतात, काखेतीत तो साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतो. अख्खं कुटुंब, शहरात गेलेली पोरं, शेजारी, सगळे गावी येऊन तोडणी करतात, संध्याकाळी जेवणावळ. मेमध्ये तिबिलिसीत नव्या वाईनचा उत्सव असतो तोही चांगला म्हणतात, पण आण्णांना उत्सव नको, घड झाडावर बघायचेत. आणि नेमकं ऑक्टोबर म्हणजे आमची फळछाटणी. ज्यांच्या घरात बाग नाही त्यांना हे कळणार नाही, पण ऑक्टोबर छाटणीत बागायतदार घर सोडत नाही म्हणजे नाही. मजूर मिळवणं, पेस्ट लावणं, पाऊस आला की डावणी रोगाची धास्ती, एक आठवडा चुकला की वर्ष गेलं. दुसरीकडे तासगावच्या गणपतीचा रथ चुकवायचा नाही, ऋषिपंचमीला रथ ओढल्याशिवाय आण्णा कुठे गेलेत असं माझ्या आठवणीत नाही. म्हणजे रथ झाल्यावर निघायचं आणि सप्टेंबर संपायच्या आत घरी. बरोबर दहा दिवस हाताशी राहतात. र्त्वेली तेव्हा नुकतीच सुरू झालेली असेल, एवढ्यावर आम्ही समाधान मानलं. त्यातच भाद्रपदातली एकादशी येते, म्हणून साबुदाणा आणि दाण्याचं कूट आई बरोबर घेणार आहे.

छाटणीवरून आठवलं. आण्णांना सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते याचं, की तिकडे वर्षातून एकच छाटणी. आपल्याकडे थंडी एवढी पडतच नाही की झाड झोपेल, म्हणून एप्रिलला खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि ऑक्टोबरला परत छाटून फळ घ्यायचं, दोन छाटण्या आणि पीक एक. काखेतीत हिवाळ्यात झाड पानं टाकून गपगार झोपतं, हिवाळा सरता सरता छाटतात, एप्रिलमध्ये डोळे फुटतात, सप्टेंबरला माल. मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "झाडाला झोप मिळती तर." मला वाटतं त्या क्षणी ते मनाने तयार झाले यायला.

रूट ठरवताना फार काटछाट करावी लागली. वाईनचा जॉर्जिया एक नाही. मधला कार्तली आहे, पश्चिमेला इमेरेती आहे तिथे क्वेव्रीत साली थोड्याच टाकतात म्हणून वाईन हलकी होते, क्वेव्रीला तिकडे चुरी असं वेगळं नाव आहे. रचा नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथली ख्वांचकारा ही गोडसर लाल वाईन प्रसिद्ध आहे. आणि आणखी पश्चिमेला गुरिया, सामेग्रेलो, तिथे पूर्वी वेल थेट झाडावर चढवायचे, त्याला माघलारी म्हणतात, तोडणीला माणूस टोपली घेऊन झाडावर चढायचा. हे मला बघायचंच होतं. पण आईचे गुडघे आणि दहा दिवस, दोन्ही बघता पश्चिम सोडली. नुसतं काखेती. देशातल्या बहुतेक द्राक्षबागा तिथेच आहेत, आणि एकाच खोऱ्यात राहिलं तर रोज बॅगा भरायला लागत नाहीत. वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांनी तर हेच करावं.

पहिल्या दोन रात्री तिबिलिसी. गंधकाच्या गरम पाण्याची जुनी न्हाणीघरं आईसाठी, राष्ट्रीय संग्रहालय माझ्यासाठी. शहराच्या वर टेकडीवर एका बाईचा अॅल्युमिनियमचा मोठा पुतळा आहे, जॉर्जियाची आई म्हणतात तिला, पहिल्यांदा १९५८ मध्ये उभा केलेला, एका हातात तलवार शत्रूसाठी आणि दुसऱ्या हातात वाईनचा वाडगा पाहुण्यासाठी. आईला हा फोटो दाखवला तर तिला फार आवडला, म्हणाली आधी वाडगा दाखवत असणार.

मग गोंबोरी घाटातून तेलावीला. हा रस्ता वळणावळणाचा पण जवळचा, मोठ्या रस्त्याने गेलं तर लांब पडतं. तेलावीत पाच रात्री एकाच गेस्टहाऊसमध्ये. हे ठिकाण निवडायला मला तीन आठवडे लागले, कारण मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते, तुमची स्वतःची बाग आहे का. शेवटी एका मावशींनी लिहिलं की अर्धा एकरही नसेल पण र्कात्सितेलीच्या चार ओळी आहेत आणि तुम्ही येता त्या आठवड्यात तोडणी करू, वडिलांना सांगा कात्री आम्ही देऊ. मी तो मेसेज आण्णांना वाचून दाखवला. र्कात्सितेली म्हणजे लाल देठाची, ही तिकडची मुख्य पांढरी जात. आणि सापेरावी ही काळी, नावाचा अर्थच रंग देणारी, तिचा गरसुद्धा लाल असतो. आपल्या काळ्या द्राक्षाचा मणी दाबला तर आतून पाणेरी निघतो, सापेरावीचा दाबला तर बोटं रंगतात. हे आण्णांना हातात धरून बघायचंय.

तेलावीच्या आसपास काय काय. अलावेर्दीचा मठ नक्की, अकराव्या शतकातलं उंच चर्च, मागे कॉकेशसचे डोंगर आणि मठाच्या आवारातच बाग आणि मरानी, तिथले साधू स्वतः क्वेव्रीत वाईन करतात. मला विचाराल तर अख्ख्या ट्रिपमधली मी सगळ्यात जास्त वाट बघतेय ती याची, कारण आण्णांच्या मनात देव एका बाजूला आणि वाईन दुसऱ्या बाजूला अशी सरळ रेघ आहे आणि इथे दोन्ही एकाच आवारात भेटणार. तिकडे ख्रिस्ती धर्म आणणाऱ्या संत निनोचा क्रॉससुद्धा द्राक्षाच्या काड्यांचा, स्वतःच्या केसांनी बांधलेला, अशी श्रद्धा आहे. हे मी आण्णांना सांगितलं तेव्हा त्यांचा हात सहज माळेकडे गेला. मठात जाताना बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यायची, पुरुषांनी हाफ पँट घालायची नाही, आमच्याकडे हा प्रश्नच नाही.

इकाल्तोला जुन्या विद्यापीठाचे अवशेष आहेत आणि आवारात जुन्या क्वेव्री नुसत्या आडव्या पडलेल्या आहेत, म्हणजे पुरलेल्या क्वेव्रीचा न दिसणारा भाग तिथे पूर्ण बघता येतो. आण्णांना पेवाशी मापं जुळवून बघायची आहेत. वार्दिसुबानी गावात क्वेव्री घडवणारे कारागीर आहेत, चाकावर नाही तर हाताने मातीचे वळे चढवत चढवत, रोज थोडी उंची, मग वाळवायची, एवढं मोठं भांडं पूर्ण व्हायला कित्येक आठवडे जातात. तिथे आधी फोन करून जायचं ठरलंय. त्सिनांदालीला चावचावाद्झे या कवी सरदाराचा वाडा आणि जुनं तळघर आहे, तिथे एक सकाळ. क्वारेलीला डोंगरात कोरलेले सगळे मिळून ७.७ किलोमीटरचे बोगदे एका वायनरीने वाईन ठेवायला वापरलेत, ते अर्ध्या तासात बघून बाहेर. मोठ्या कारखान्यासारख्या वायनरी आपण इथेही बघू शकतो, त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं.

शेवटच्या दोन रात्री सिघ्नाघी, तटबंदीचं छोटं गाव, खाली सगळं अलाझानीचं खोरं दिसतं. जवळच बोदबेला संत निनोची समाधी. इथे मी एक संध्याकाळ माझ्यासाठी ठेवली आहे, नीट बसून चारपाच जाती शेजारी शेजारी चाखायच्या, किसी, खिख्वी, म्त्स्वाने, या नावांचा उच्चार मी अजून शिकतेय. परतताना तिबिलिसीत एक रात्र आणि विमान.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या बागा आपोआप टिकलेल्या नाहीत. सोव्हिएत काळात सगळा भर उत्पादनावर, ठराविक जातीच लावायच्या, बाकीच्या जाती लोकांनी परसात सांभाळल्या. १९८५ मध्ये गोर्बाचेव्हची दारूबंदीची मोहीम आली तेव्हा बागाच्या बागा उपटल्या गेल्या. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियाची वाईन घेणं बंद केलं, सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एका दिवसात गेलं, ते २०१३ पर्यंत. त्या वर्षांत लोकांनी दुसरी मार्केटं शोधली, दर्जा सुधारला, आणि क्वेव्रीची वाईन जगात पोचली ती याच काळात. हे वाचताना मला सारखं आमच्याकडचं वर्ष आठवत होतं, माल तयार आणि लॉकडाऊन, ट्रक उभे. आण्णांनी त्या वर्षी सगळा माल बेदाण्याला टाकला होता. काखेतीतही गारपीट होते, गारा मोडायला आकाशात रॉकेट सोडायची यंत्रणा बसवली आहे सरकारने. तिथल्या शेतकऱ्याशी बोलायला आण्णांना दुभाषी लागेल, पण विषय शोधायला लागणार नाही.

खाण्याची काळजी सगळ्यांनी केली, आई सोडून. तिने म्हणे व्हिडिओ बघून आधीच वह्या भरल्यात. शाकाहारी लोकांसाठी एक शब्द पाठ करा, सामार्ख्वो. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपासाचे दिवस भरपूर, त्या दिवशी मांस, दूध, अंडी काही नाही, आणि त्यासाठीचं जेवण म्हणजे सामार्ख्वो. मग वांग्याच्या कापांत अक्रोडाचं वाटण, पालकाचं फ्खाली, राजम्याचं लोबियो मातीच्या भांड्यात, राजमा भरलेली लोबियानी, आणि तोने नावाच्या भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजलेली लांबट रोटी. चीज चालत असेल तर खाचापुरी आहेच. आणि चुर्चखेला! अक्रोड दोऱ्यात ओवून, द्राक्षाचा रस पीठ घालून आटवतात त्यात बुडवून बुडवून वाळवतात, मेणबत्तीसारखं दिसतं. आमच्या बेदाण्याचं हे सख्खं भावंड. आईने घरी एकदा करून पाहिलं, आमच्याच बागेतला रस, गव्हाचं पीठ आणि अक्रोडाऐवजी शेंगदाणे. पहिल्यांदा रस पातळ राहिला आणि सगळं दोऱ्यावरून ओघळलं. दुसऱ्यांदा अर्ध्याहून जास्त आटवला आणि तीनदा बुडवलं, तेव्हा धरलं. पडवीच्या दांडीला आठ दिवस लटकत होतं, येणारा जाणारा विचारायचा हे काय.

आण्णा तिथे पंगतीत बसल्यावर काय करणार हा प्रश्न मात्र मी गांभीर्याने घेतला. तिकडे सुप्रा म्हणजे नुसतं जेवण नसतं, तमादा नावाचा एक जण सगळ्यांच्या वतीने बोलतो, देवासाठी, गेलेल्या माणसांसाठी, लेकरांसाठी, पाहुण्यांसाठी, प्रत्येक वेळी मग सगळे गाउमारजोस म्हणून पितात. पाहुण्याने हात आखडता घेतला तर वाईट वाटेल का? मी मावशींना स्पष्ट लिहिलं, की वडील वारकरी आहेत, गळ्यात माळ आहे, वाईनला हात लावणार नाहीत, पण तुमच्याबरोबर बसायचंय. त्यांचं उत्तर आलं, त्या दिवशी ताजा रस निघेल, अजून आंबलेला नसेल, त्यांचा ग्लास त्याने भरू. एवढी साधी गोष्ट होती. आधी विचारलं म्हणून सुटली, जेवणाच्या वेळी तिथे अवघडून बसलो असतो तर सगळ्यांचाच विरस झाला असता.

बाकी कामाच्या गोष्टी पटापट. ई-व्हिसा त्यांच्या सरकारी साईटवरूनच काढा, अमेरिका किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असणाऱ्यांना वेगळे नियम आहेत आणि ते बदलत असतात, तिकीट काढायच्या आदल्या दिवशी परत बघा. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग, मेडिकल इन्शुरन्स, बँक स्टेटमेंट, सगळं प्रिंट काढून हातातल्या पिशवीत, मोबाईलवर भरवसा नको, इमिग्रेशनला विचारतात. आम्ही मुंबईहून आखातातून विमान बदलून जातोय. चलन लारी. गाडी स्वतः चालवायचा विचार टेस्टिंग असलेल्या दिवशी तर अजिबात करू नका, तिकडचा कायदा कडक आहे आणि घाटाचे रस्ते आहेत, दिवसाची गाडी ड्रायव्हरसकट मिळते. वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे गेस्टहाऊसला फोन करायचा तर आपल्या दुपारी करा. येताना एका प्रवाशाला दोन लिटर दारू ड्युटी न भरता आणता येते, म्हणजे साडेसातशे मिलीच्या दोन बाटल्या. आमच्या तिघांत मिळून दोनच बाटल्या येणार आहेत, माझ्या, माझ्याच बॅगेत, स्वेटरमध्ये गुंडाळून.

आणि काडी आणायची नाही. हे आण्णांसाठी ठळक करून लिहितेय कारण त्यांच्या मनात सापेरावीची एक काडी आणून डॉगरिज या खुंटावर कलम करायचं आहे हे मला पक्कं माहीत आहे. परदेशातून झाडाचा कुठलाही भाग आणायला आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचा रोग नसल्याचा दाखला लागतो, नाहीतर विमानतळावर जप्त होतं आणि तेच बरोबर आहे, एका काडीबरोबर कुठला रोग येईल आणि कुणाच्या बागा बसतील सांगता येत नाही. त्यांना हे पटलंय. फक्त फोटो काढायला मोबाईलमध्ये जागा करून ठेव म्हणाले.

काल रात्री फोनवर त्यांनी वहीत लिहिलेले प्रश्न वाचून दाखवले, मला इंग्रजीत करून मावशींना पाठवायचे आहेत. ओळीतलं अंतर किती. एका झाडावर घड किती ठेवता. भुरीला काय मारता. मजुरी रोजावर की किलोवर. झोपलेलं झाड उठलं हे आधी कशावरून कळतं, डोळ्यावरून की काडीतून पाणी गळतं त्यावरून. आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित करून, क्वेव्रीत उतरायच्या आधी दिवा सोडता का.